बेथेलचा धार्मिक इतिहास मांडायचा कसा: वाचनमंडळांसाठी कृती

बेथेल हे प्राचीन इस्राएलचे एक मोठे देवस्थान. यरुशलेमच्या उत्तरेला सुमारे १७ किलोमीटरवर. पणजीहून निघून म्हापसा ओलांडल्यावर थोडे पुढे गेलात तर जेवढे भरेल तेवढेच अंतर. बायबलमधला एक मोठा धार्मिक कज्जा या दोन ठिकाणांमध्ये चालला, आणि त्याचा निकाल लिहून ठेवणारे जवळजवळ सगळे यरुशलेमच्या बाजूचे. बेथेलच्या पुजाऱ्यांच्या नावाचे एक पानही हाती आलेले नाही. त्यामुळे वाचनाचा क्रम चुकला की विरोधकाचा आरोप सरळ इतिहास म्हणून वहीत उतरतो.

गोव्यातल्या वाचकाला ही अडचण नवी नाही. साष्टी-बारदेसमधली देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. कुठल्या गावात कुठला देव होता, त्याच्या नावावर कोणती शेते होती, हे आज बरेचसे कळते ते त्या जमिनी ताब्यात घेणाऱ्या पोर्तुगीज अमलाच्या नोंदींतून. नोंद करणारा देवळाचा वैरी, तरी गावाचे नाव आणि शेताची हद्द खोटी नाही. बेथेलबद्दलची वचने याच नजरेने वाचायची. शिवी बाजूला काढा, तपशील ठेवा.

साहित्य थोडेच लागते. मराठी पवित्र शास्त्राच्या दोन आवृत्त्या घ्या, एक जुन्या वळणाची आणि एक सोप्या मराठीतली. दोन्हींत एखाद्या वचनाचा अर्थ वेगळा लागला तर तिथे मूळ हिब्रूत काहीतरी अडले आहे असे धरून पेन्सिलीने खूण करा. प्रोटेस्टंट मराठी आवृत्तीत मक्काबींचे ग्रंथ नसतात, आणि बेथेलचा शेवटचा काळ पाहायला त्यांतला पहिला ग्रंथ लागतो. कॅथलिक घरातले रोमी कोंकणी बायबल त्या कामाला चालेल. हिशेबाची लांब वही, तीन रंगांच्या पेन्सिली, आणि रामा, मिस्पा, आय, शिलो, शखेम ही नावे असलेला नकाशा हवा. भाष्यग्रंथ लागले तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आणि पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये चौकशी करा.

मंडळ सात-आठ जणांचे असावे. एकाने मोठ्याने वाचावे, एकाने लिहावे, एकाने दुसरी आवृत्ती समोर धरून तपासावे. दोन-दोन तासांच्या चार बैठका पुरतात.

वहीत पाच उभे रकाने आखा. पहिल्यात वचन. दुसऱ्यात ते वचन कोणत्या काळाबद्दल बोलते. तिसऱ्यात तो मजकूर साधारण केव्हा लिहिला गेला. चौथ्यात कोण बोलतो आणि कोणाच्या बाजूने. पाचव्यात उपासनेचा उघडा तपशील: वेदी, स्तंभ, सण, अर्पण, पुजारी. सगळ्यात जास्त गोंधळ दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात होतो. उत्पत्तीचे पुस्तक याकोबाच्या काळाबद्दल बोलते. ते याकोबाच्या काळात लिहिले गेले असे त्यावरून ठरत नाही. हे दोन रकाने एकत्र केले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

सुरुवात उत्पत्तीपासून करू नका. कथेच्या ओघात वाचायला ते सोपे, पण काळ ठरवायला सगळ्यात अवघड पुस्तक. आमोस या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकापासून सुरू करा. पहिल्याच वचनात तो यहूदाचा (यरुशलेमच्या दक्षिण राज्याचा) राजा उज्जीया आणि इस्राएलचा (बेथेल ज्यात होते त्या उत्तर राज्याचा) राजा दुसरा यराबाम यांची नावे देतो, भूकंपाच्या दोन वर्षे आधी असेही सांगतो. म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकाचा मध्य. बेथेलचा हा पहिला पक्का खुंटा.

आमोस ३:१४, ४:४-५, ५:५, ५:२१-२३ आणि ७:१०-१७ एवढीच वचने पहिल्या बैठकीला घ्या आणि पाचवा रकाना सावकाश भरा. वेदीला शिंगे आहेत. रोज सकाळी बली दिला जातो. दशमांश आणला जातो. उपकारस्तुतीच्या अर्पणात खमीर घातलेली भाकर आहे. स्वखुशीची अर्पणे गाजावाजा करून जाहीर होतात. होमबली, अन्नार्पण, पोसलेल्या जनावरांचे शांत्यर्पण, गाणी, तंतुवाद्ये, सण, मेळे. आमोस हे सगळे रागाने सांगतो आहे. ‘बेथेलास या आणि पाप करा’ असे त्याचे बोलणे. तो राग चौथ्या रकान्यात लिहा. पाचव्यात मात्र एका भरभराटीच्या देवस्थानाचा दिनक्रम मिळतो, तोही समकालीन माणसाच्या तोंडून.

सातव्या अध्यायावर अर्धा तास तरी घालवा. बेथेलचा पुजारी अमस्या राजाला निरोप धाडतो की आमोसाने इस्राएलात तुझ्याविरुद्ध कट केला आहे, देशाला त्याचे बोलणे सोसवत नाही. मग आमोसाला बजावतो: यहूदाला पळून जा, तिथे पोट भर, तिथे संदेश सांग, इथे बोलू नको, हे राजाचे पवित्रस्थान आहे, राज्याचे मंदिर आहे. आमोसाचे उत्तर असे की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा पुत्र नाही, मी गुरे राखणारा आणि उंबराची निगा राखणारा माणूस. या आठ वचनांतून बेथेलची व्यवस्था दिसते. देवस्थान राजाश्रयाचे, पुजारी थेट राजाशी पत्रव्यवहार करणारा, आणि बाहेरून आलेल्या संदेष्ट्याला हाकलण्याचा अधिकार त्याच्याकडे. बेथेलच्या पुजाऱ्याचे नाव घेऊन त्याचे बोलणे नोंदवणारी ही जागा विलक्षण मोलाची आहे, आणि ती घाईत निसटते.

आता एक गोष्ट न चुकता लिहा: आमोस बेथेलच्या सोन्याच्या वासराचा उल्लेखच करत नाही. ओळ मोकळी सोडून ‘वासरू नाही’ असे लिहून ठेवा. पुढे हे उपयोगी पडते.

संदेष्टा होशेय त्याच शतकातला, थोडा नंतरचा. ४:१५, ८:५-६, १०:५-६, १२:४ आणि १३:२ घ्या. इथे वासरू येते. लोक वासरांचे मुके घेतात, वासरासाठी उत्तरेची राजधानी शोमरोन इथले रहिवासी आणि त्याचे पुजारी शोक करतात, आणि ते अश्शूरच्या राजाला भेट म्हणून नेले जाईल असे तो बजावतो. दोन ठिकाणी घसरायला होते. होशेय बेथेलला (‘देवाचे घर’) ‘बेथ-आवेन’ (‘दुष्टाईचे घर’) असे हिणवतो, त्यामुळे नुसते ‘बेथेल’ शोधत गेलात तर ही वचने सापडत नाहीत. उलट यहोशवा ७:२ मध्ये बेथ-आवेन हे बेथेलजवळचे वेगळे ठिकाण आहे, ते या ओळीत ओढू नका. दुसरे, होशेयाच्या बाराव्या अध्यायात हिब्रू पुस्तकातला वचनक्रमांक आपल्या आवृत्तीपेक्षा एकाने पुढे असतो. भाष्यग्रंथातला क्रमांक जुळला नाही तर एक वचन मागे पाहा.

दुसऱ्या बैठकीला १ राजे १२:२५-३३. पहिला यराबाम दहाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेचे राज्य वेगळे करतो आणि लोकांनी यरुशलेमला जाऊ नये म्हणून सोन्याची दोन वासरे करतो, एक बेथेलला आणि एक राज्याच्या उत्तर टोकाला दान या नगरात. दुसऱ्या रकान्यात दहावे शतक लिहा. तिसऱ्यात सातव्या शतकाचा शेवट किंवा सहावे शतक, कारण राजांची पुस्तके यहूदाच्या शेवटच्या राजांच्या काळात किंवा त्यांच्यानंतर आजच्या रूपात आली. मधे तीनशे वर्षांचे अंतर पडते, आणि लिहिणारा यरुशलेमखेरीज दुसरे मंदिर न मानणारा.

हा मजकूर निर्गम ३२ शेजारी ठेवून ओळीने ताडा. ‘हे इस्राएला, ज्यांनी तुला मिसर देशातून आणले ते हे तुझे देव’ हे वाक्य दोन्हीकडे जवळजवळ सारखे. अहरोनाने एकच वासरू केले, तरी तिथेही अनेकवचन; म्हणजे वाक्य दोन वासरांच्या कथेला जास्त शोभते. यराबामाच्या मुलांची नावे नादाब आणि अबीया, अहरोनाच्या थोरल्या दोघांची नादाब आणि अबीहू. आता तिसरी चिठ्ठी लावा: १ राजे १२:३१ म्हणते की यराबामाने लेवी या पुरोहित वंशातले नसलेले पुजारी नेमले, पण शास्ते २०:२६-२८ मध्ये कराराचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी) बेथेलात आहे आणि त्याच्यापुढे अहरोनाचा नातू फिनहास उभा आहे. तिन्ही ओळी वहीत एकाखाली एक आल्या की बेथेलचे पुजारी स्वतःला अहरोनाच्या घराण्याचे म्हणवत असावेत, हा अभ्यासकांचा तर्क कशावर उभा आहे ते मंडळाला आपोआप दिसते. तर्क म्हणूनच लिहा.

सणाची तारीखही इथेच टिपा. यराबामाचा सण आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, यरुशलेमचा मांडवांचा सण सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी. लेखकाच्या मते महिना यराबामाने मनाने काढला. उत्तरेची स्वतःची जुनी कालगणना असण्याचीही शक्यता आहे. तीही शेजारी लिहा.

वासरू म्हणजे देव की देवाचे आसन? गोव्यातल्या मंडळात कोणीतरी चटकन नंदी म्हणणार, आणि ते अर्धे बरोबर आहे. सिरिया-कनान भागात वादळाचा देव बैलावर उभा दाखवत असत, त्यामुळे बेथेलचे वासरू हे न दिसणाऱ्या परमेश्वराचे आसन होते असे पुष्कळ अभ्यासक मानतात. यरुशलेमच्या मंदिरात हेच काम करूबांकडे, म्हणजे पंखवाल्या प्राण्यांच्या मूर्तींकडे, होते. फरक एवढाच ध्यानात ठेवा की आपल्या देवळात नंदी लिंगाकडे तोंड करून बसतो, देव त्याच्या पाठीवर नसतो. दोथानजवळच्या एका डोंगरमाथ्यावरच्या पूजास्थळी इ.स.पू. बाराव्या शतकातला वीतभर लांबीचा काशाचा बैल मिळाला आहे. तेव्हा बैल ही यराबामाने नव्याने काढलेली टूम नव्हती. एलीया आणि अलीशा या उत्तरेच्या संदेष्ट्यांच्या कथांत बेथेलच्या वासरावर एक शब्द नाही. २ राजे २:३ मध्ये तर संदेष्ट्यांचा संघ बेथेलातच राहतो. बआल देवाच्या पूजेचा उच्छेद करणारा उत्तरेचा राजा येहूसुद्धा वासरांना हात लावत नाही (२ राजे १०:२९). त्या काळी उत्तरेतल्या परमेश्वरभक्तांना बेथेल खटकत नव्हते.

१ राजे १३ आणि २ राजे २३:१५-२० ही जोडी एकत्रच वाचा, वेगळी वाचली तर काही हाती लागत नाही. पहिल्यात यहूदाचा एक देवाचा माणूस बेथेलच्या वेदीसमोर उभा राहून योशीया राजाचे नाव तीनशे वर्षे आधी घेतो. दुसऱ्यात योशीया ती वेदी पाडतो, थडग्यांतली हाडे काढून तिच्यावर जाळतो, आणि त्या देवाच्या माणसाची कबर तेवढी राखतो. आता १३:३२ वर बोट ठेवा: तिथे ‘शोमरोनाच्या नगरांतली’ उच्च स्थाने (उंचावरची पूजास्थळे) आहेत. शोमरोन नगर १ राजे १६:२४ प्रमाणे अम्रीने वसवले, यराबामानंतर काही दशकांनी. कथा आजच्या रूपात केव्हाची नाही, हे एका वचनात कळते. २३:१५ मध्येही वासरू नाही, फक्त वेदी, उच्च स्थान आणि अशेरा (देवीचा लाकडी खांब). आमोसाच्या वेळी सोडलेली ओळ इथे उघडा. होशेय म्हणतो तसे वासरू अश्शूरला गेले असेल, म्हणून योशीयाच्या काळी नसेल. पण आमोसाच्या मौनाचा खुलासा त्यातून होत नाही. दोन्ही लिहा आणि पुढे चला.

उत्पत्ती आता, तिसऱ्या बैठकीला. १२:८, २८:१०-२२ आणि ३५:१-१५. याकोब उशाचा धोंडा उभा करतो, त्यावर तेल ओततो, जागेला बेथेल नाव देतो, दशमांशाचा नवस बोलतो. हे स्थळमाहात्म्य आहे, आणि आपल्याला तो प्रकार ओळखायला शिकवावे लागत नाही. इथला सूर बेथेलबद्दल प्रेमाचा आहे, हेच महत्त्वाचे. अनुवाद १६:२२ उभा स्तंभ निषिद्ध ठरवते; इथे तो मूळपुरुष स्वतःच्या हाताने उभारतो आणि लेखकाला काही वावगे वाटत नाही. दशमांशाचा धागा आमोस ४:४ ला नेऊन जोडा. होशेय १२:४ मध्ये याकोबाची देवाशी बेथेलात गाठ पडते, म्हणजे ही कथा आठव्या शतकात लोकांना माहीत होती. नामकरण २८:१९ आणि ३५:१५ असे दोनदा येते. दोन्ही ओळी वेगळ्या लिहा, जुळवून एक करू नका. ३५:८ मध्ये रिबकेची दाई दबोरा बेथेलखाली एका झाडाखाली पुरली आहे. शास्ते ४:५ मधली न्याय करणारी दबोरा रामा आणि बेथेलच्या मधे झाडाखालीच बसते. दोघींची गल्लत करू नका, पण त्या परिसरात दबोरा नावाशी जोडलेले झाड होते, एवढी नोंद ठेवा.

शास्ते २०:१८ ला लोक लढाईआधी बेथेलास जाऊन देवाचा कौल घेतात. कौल हा शब्द इथे चपखल बसतो. काही भाषांतरांत तिथे ‘देवाचे मंदिर’ असे असते, तेव्हा वचन चुकवू नका. १ शमुवेल १०:३ मध्ये तिघेजण बेथेलास देवाकडे वर चाललेले भेटतात: एकाकडे तीन करडे, दुसऱ्याकडे तीन भाकरी, तिसऱ्याकडे द्राक्षारसाचा बुधला. साध्या यात्रेकरूच्या शिदोरीची ही यादी तशीच्या तशी पाचव्या रकान्यात उतरवा.

इथे कोणीतरी क्रिस्तपुराण काढेल, आणि काढावेच. फादर स्टीफन्स यांचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली राशोलला छापला गेला आणि त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराच्या कथा मराठीत आहेत. चांगले वाचन करणाऱ्याने त्यातल्या कथा मोठ्याने म्हणाव्यात. रकान्यात मात्र तो घेऊ नका. सतराव्या शतकातल्या गोव्यात नवख्रिस्ती लोकांना या कथा कशा सांगितल्या गेल्या याचा तो साक्षीदार आहे. बेथेलसाठी नवा पुरावा त्यात नाही.

चौथ्या बैठकीला इ.स.पू. ७२२ नंतरचा काळ. उत्तरेचे राज्य बुडाले तरी बेथेल बुडाले नाही: २ राजे १७:२८ प्रमाणे अश्शूरने परत धाडलेला एक पुजारी बेथेलातच राहून लोकांना परमेश्वराची उपासना शिकवतो. योशीयाची मोडतोड इ.स.पू. ६२२ च्या सुमाराची. पुढचा तपशील विरळ. एज्रा २:२८ मध्ये बेथेल आणि आय इथली २२३ माणसे, नहेम्या ७:३२ मध्ये १२३. दोन्ही आकडे लिहा, सरासरी काढू नका. जखऱ्या ७:२, इ.स.पू. ५१८, इथे दोन मराठी आवृत्त्या वेगळ्या बोलण्याचा संभव आहे. बेथेल गावाने माणसे पाठवली, की ‘बेथेल-शरेसर’ नावाच्या माणसाने? हिब्रू दोन्हीकडे वळते. त्या काळी बेथेल हे देवाचे नाव म्हणूनही चालत असे. इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावरच्या यहुदी वसाहतीच्या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या कागदांत ‘अनत-बेथेल’ आणि ‘एशेम-बेथेल’ अशी नावे येतात. यिर्मया ४८:१३ मध्ये इस्राएलचा बेथेल मवाबाच्या कमोश देवाच्या जोडीला बसवला आहे, तेव्हा तिथेही गाव की देव हा प्रश्न राहतो. अशा ओळींना वेगळा रंग द्या.

१ मक्काबी ९:५० ला बेथेलची तटबंदी होते. इ.स. ६९ ला रोमी सेनापती वेस्पासियन ते घेतो. चौथ्या शतकात ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस त्याचे अंतर यरुशलेमपासून बारा रोमी मैल असे देतो. या अंतरावरून आणि नावाच्या सारखेपणावरून अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सनने १८३८ मध्ये रामल्लाच्या ईशान्येचे बैतीन हे गाव म्हणजे बेथेल असे ठरवले. त्याऐवजी रामल्लाजवळच्या अल-बिरेचे नाव घेणारा एक लहान गट आहे, समासात नोंदवा.

जमिनीखालचा पुरावा सगळ्यात शेवटी भरा, नाहीतर तो प्रत्येक वचनाला टेकू म्हणून लावायचा मोह होतो. पुरातत्त्वज्ञ ऑल्ब्राइटने बैतीनला १९३४ मध्ये खणले, केल्सोने १९५४, १९५७ आणि १९६० मध्ये. यराबामाचे देऊळ सापडलेले नाही. ते नव्हतेच, असे यावरून म्हणू नका: आजचे गाव जुन्या टेकाडावरच वसले आहे, खणलेला भाग थोडा, आणि उत्पत्ती १२:८ मधली वेदी तर गावाच्या पूर्वेला, बाहेर. ऐन देवस्थानात काय असे, याची कल्पना दानवरून येते. तिथे अव्राहाम बिरानने १९६६ पासून खोदकाम केले. दगडी चौथरा, शिंगाच्या वेदीचे शिंग, लोखंडी फावडी आणि ‘दानमधल्या देवाला’ असा ग्रीक-अरामी लेख मिळाला. वासरू तिथेही नाही. बैर-शेबाला शिंगाच्या वेदीचे दगड १९७३ मध्ये एका भिंतीत बसवलेले सापडले.

पुरातत्त्वज्ञ फिंकेलश्टाइन आणि सहकारी यांनी २००९ मध्ये बैतीनची जुनी भांडी पुन्हा तपासली. पहिल्या लोहयुगात आणि आठव्या शतकात वस्ती भरलेली, पहिल्या यराबामाच्या सुमारास फार कमी, पारसी काळात जवळजवळ नाही, असे त्यांचे मत पडले. ते खरे तर १ राजे १२ मधले बेथेल दुसऱ्या यराबामाच्या काळावरून मागे रंगवलेले असू शकते. जुन्या खोदकामाच्या थरांच्या नोंदी कच्च्या असल्याने हे सगळ्यांना मान्य नाही. हा मुद्दा १ राजे १२ च्या ओळीसमोर तांबड्या पेन्सिलीने लिहा, आमोस ७ च्या ओळीपर्यंत रेघ ओढा, आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडा.